लासूरकर सरांनी मागे घेतलेला समुद्र

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी लासूरकर सरांचं नाव घेतो. आई-वडिलांचं नाव आधी का नाही, असं कुणाला वाटेल. पण माझे वडील आमच्या गावी, दापोऱ्याला, केळीच्या बागेत उभे राहून पाहुण्यांना स्वतःच सांगत, "पोरगं आमचं, पन डोकं सरांचं." आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र शिकायला जर्मनीत जाऊन आलो, आणि त्यावर आयुष्यभर पोट भरलं. या सगळ्याच्या मुळाशी सर आहेत, आणि समुद्रातला एक प्राणी आहे. त्या प्राण्याबद्दल सरांनी मला चुकीचं सांगितलं होतं.

सर बुऱ्हाणपूरच्या शाळेत भूगोल शिकवत. उंच, थोडे पुढं वाकलेले, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. सायकलच्या दांडीला एक खाकी पिशवी लटकलेली असे. तिच्यात जाड पुठ्ठ्याची एक वही, फडक्यात गुंडाळलेली दौत आणि टाक. ही पिशवी साऱ्या गावाला माहीत होती. ती दांडीला दिसली की सरांचे जुने विद्यार्थी गल्ली बदलत.

कारण त्या वहीचं नाव होतं 'परतीची वही'.

सरांचा एक नेम होता. वर्गात आपण सांगितलेली एखादी गोष्ट चूक होती असं पुढं कधी कळलं, मग ते दहा वर्षांनी का असेना, तर ती ज्यांना ज्यांना सांगितली त्यांच्या दारी जाऊन ते ती परत घेत. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, पण आत पाऊल टाकायचं नाही. हात जोडायचे आणि म्हणायचं, "अमुक वर्षी अमुक वर्गात मी तुम्हांला अमुक सांगितलं. ते चूक होतं. ते मी मागे घेतो. बरोबर असं आहे." मग बरोबर काय ते सांगायचं. शेवटी वही उघडून पुढं करायची. "समजलं असेल तर सही करा." सही झाल्याशिवाय चहा नाही, पाणी नाही. सही झाली की मात्र चहा दोन कप.

"पोरांना मी खोटी वस्तू दिली," ते म्हणत. "दुकानदार बदलून देतो की नाही? मग मी का नको?"

एकदा उंटाच्या पाठीवरच्या कुबडात पाणी नसतं, चरबी असते, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण पोलीस चौकीत जमादार होता. सर पोचले तेव्हा जमादार एका सायकलचोराची झडती घेत होता. सरांना दारात चपला काढताना बघून तो उठून उभाच राहिला.

"मास्साब, अभी ड्यूटी पर हूँ."

"मीही ड्यूटीवरच आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी कुबडातलं पाणी मागे घेतलं. जमादारानं मुकाट्यानं सही केली. कोपऱ्यात उकिडवा बसलेला चोर म्हणाला, "मास्साब, तो पानी रखता किधर है?" सर खूश झाले. चौकीच्या भिंतीवर बोटानं आकृती काढून त्यांनी त्याला उंटाचं पोट समजावून सांगितलं. जाताना जमादाराला म्हणाले, "याला मारू नकोस. तुमच्या वर्गात हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता."

इतवारा बाजारातल्या रमणलाल कापडवाल्याची गोष्ट तर सगळं शहर सांगतं. रमणलालची वरात निघाली होती. घोडी, बँड, तोंडावर फुलांच्या माळा. सरांना त्याच दुपारी कळलं होतं की देवमासा हा मासा नाही. तो पिलांना दूध पाजतो. सर बँडच्या पुढं सायकल आडवी लावून उभे राहिले. बँड थांबला. घोडी थांबली. सरांनी रस्त्यावरच चपला काढल्या.

"रमण, आठवीत मी तुला सांगितलं होतं की देवमासा हा सर्वांत मोठा मासा आहे."

माळांच्या आतून आवाज आला, "मास्साब, फेरे हो जाने दो."

"नको. नव्या संसारात चूक घेऊन जाऊ नकोस."

रमणलालनं घोडीवरून वाकून सही केली. मी ते पान पाहिलं आहे. सहीवर झेंडूची एक पाकळी चिकटलेली आहे.

आमच्या घरी सर पहिल्यांदा आले तेही असेच. मी तेव्हा नववीत होतो. वडील खळ्यात बसले होते. सरांनी बाहेर चपला काढल्या.

"पाटील, केळीचं झाड असं मी तुमच्या मुलाला शिकवलं. ते मागे घेतो. केळ हे झाड नाही."

वडिलांनी वळून बागेकडं पाहिलं. "मंग हे काय उभं हाय सर?"

"रोप. फार मोठं रोप. त्यात लाकूड कुठं आहे? नुसती पानांची गुंडाळी."

"म्हंजे बापजाद्यापासून आम्ही भाजीच लावून राहिलो का?"

"शास्त्राप्रमाणं, जवळजवळ."

माय आतून म्हणाली, "मी तं कवाची सांगून राहिली, यात लाकूड नाही म्हनून. चुलीत घातलं का नुसता धूर."

सर एकदम गंभीर झाले. त्यांनी मायला बाहेर बोलावलं, तिचा अंगठा घेतला आणि त्यापुढं लिहिलं, 'यांना आधीपासून ठाऊक होतं. पुरावा: चूल.' परतीच्या वहीत असा शेरा दुसऱ्या कुणाच्याच नावापुढं नाही. माय नंतर आजूबाजूच्या बायांना सांगे, "सरकारच्या वहीत नाव हाय माहं."

घरी काकूंना मात्र या नेमाचं काही कौतुक नव्हतं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या म्हणत, "लग्नात भटजींनी म्हटलेलं सगळं ह्यांनी दुसऱ्या दिवशी पुस्तक काढून तपासलं. इतक्या वर्षांत एकच गोष्ट मागे घेतली नाही, ती म्हणजे मी. तेही बहुतेक माझ्या वडिलांची सही मिळाली नाही म्हणून." सर यावर हसत आणि टोपी सारखी करत.

सरांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. पण समुद्राचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. मुंबईची गाडी रोज आमच्या स्टेशनातून जाते, एकदा बसून का जात नाही, असं आम्ही विचारत असू. सर म्हणत, "आपली तापी जाते ना तिकडं? घरातलं एक माणूस जाऊन येतंय तेवढं पुरे."

"पण सर, ती परत कुठं येते?"

"म्हणूनच मी जात नाही," सर म्हणत.

समुद्रावरच्या या प्रेमाचं कारण होतं एक पेटी. महायुद्धाच्या आधी गावातल्या गिरणीत यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. युद्ध सुरू झाल्यावर त्याला सरकारनं कुठंतरी नेऊन ठेवलं. तो सरांच्या शेजारी भाड्यानं राहत असे. जाताना पुस्तकांची पेटी त्यानं सरांकडं ठेवली आणि ती न्यायला तो पुन्हा आलाच नाही. पेटीत लहान मुलांसाठीचं एक चित्रांचं पुस्तक होतं, सगळं समुद्रातल्या प्राण्यांचं. आणि एक जाडजूड जर्मन-इंग्रजी शब्दकोश. सरांनी दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा नाही म्हणून ती काही वर्षं तशीच ठेवली. तेवढ्यात तिला वाळवी लागली. मग मात्र त्यांनी ती उघडली. वाळवीनं शब्दकोश मागच्या बाजूनं खाल्ला होता. R अक्षरापर्यंतचा शाबूत होता, पुढचा नुसता भुगा.

त्यामुळं सरांचं जर्मन R पर्यंत पक्कं आणि तिथून पुढं अंदाजाचं होतं. जर्मनमध्ये 'आणि' हा शब्द U वरून येतो. तोसुद्धा सरांना अंदाजानंच लावावा लागला. तीन आठवडे लागले, असं ते अभिमानानं सांगत.

चित्रांच्या पुस्तकातले शब्द जोडशब्द होते, आणि वाळवीमुळं सरांची पद्धत अशी झाली होती, की शब्दाचा मागचा तुकडा कोशात शोधायचा आणि पुढचा चित्रावरून ताडायचा. 'श्लिडक्रोटं' असा शब्द, चित्र कासवाचं. (खरा उच्चार 'शिल्डक्रोटे', पण तो मला पुढं जर्मनीत कळला.) क्रोटे कोशात सापडलं: बेडूक. म्हणजे पुढचं ढाल असणार. "ढालवाला बेडूक!" सर वर्गात ओरडले होते. 'टिंटेनफिश' मध्ये मासा सापडला आणि चित्रातला प्राणी काळं काही सोडत होता, म्हणून तो शाईचा मासा. दोन्ही बरोबर निघाले. तिसरा शब्द होता 'झेहुंड'. चित्रात काळ्या गुळगुळीत अंगाचा, मिशा असलेला, मोठ्या डोळ्यांचा सील. हुंड म्हणजे कुत्रा, हे कोशात होतं. आणि 'झे' म्हणजे समुद्र हे सरांनी कोशातूनच काढलं, कारण N मध्ये 'नॉर्डझे' होता, उत्तर समुद्र. म्हणजे झेहुंड म्हणजे समुद्री कुत्रा. यात कुठंही शंकेला जागा नव्हती.

यावरून सरांनी एक सिद्धान्त बसवला होता. माणसाला अनोळखी काही दिसलं की तो घरातलंच नाव त्याला देतो. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पाण्यात तोंड दिसलं, कुत्र्यासारखं. ते भुंकलं असेल. झालं, समुद्रातला कुत्रा. "तुमच्या दापोऱ्यात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा लोक त्याला काय म्हणाले?" ते मला विचारत. आमच्याकडं रेड्याला हेला म्हणतात; मी म्हणे, "लोखंडी हेला." "बस्स! जर्मनी आणि दापोरा यांत फरक नाही."

मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा रसायनाची पुढची पुस्तकं जर्मनमध्ये असतात असं ऐकून सरांकडं शिकवणी मागितली. शिकवणी सकाळी तापीच्या राजघाटावर. सर आंघोळ करून पायरीवर बसत, मी खालच्या पायरीवर. समोर पाण्यात म्हशी. जर्मन उच्चार घशातून काढायचे म्हणून सर मोठ्यानं म्हणत, आणि म्हशी माना वळवत. धुणं धुणाऱ्या बाया हसत, "मास्साब म्हशीशी भांडून राहिले." एक वर्षात मलाही R पर्यंतचं जर्मन यायला लागलं.

त्याच सुमारास आमचं राज्य बदललं. आम्ही नागपूरचे होतो, ते भोपाळचे झालो. शाळेचे कागद हिंदीत आले. जुन्या पावत्यांवर शाईनं रेघ मारून वर नवं नाव लिहायचं काम शिक्षकांना मिळालं. आपली राजधानी नागपूर, असं सरांनी वीस वर्षं शिकवलं होतं. ते आता मागे घ्यायचं की नाही, या विचारात त्यांनी आठवडाभर धड जेवण केलं नाही. शेवटी राजघाटावर त्यांनी मला निकाल सांगितला. "ही माझी चूक नाही. ज्यांनी बदललं त्यांनी दारोदार फिरावं."

मग एक जाहिरात आली. कापडाचे रंग बनवणाऱ्या एका जर्मन कारखान्याला दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी काही मुलं हवी होती. मुलाखत इंदूरला. सरांनीच अर्ज लिहायला लावला. खोलीत तीन साहेब होते, त्यांतला एक जर्मन, चष्मेवाला. रसायनाचे प्रश्न झाले. दोन उत्तरं मी चुकलो. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, आमच्या भाषेबद्दल काही माहीत आहे का? मी झेहुंडची गोष्ट सांगितली. कोळी, मिशा, भुंकणं, लोखंडी हेला. साहेब इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "जिथं समुद्र नाही तिथं आमच्या सीलची एवढी चौकशी होते!" असं तो बाकीच्या दोघांना म्हणाला.

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं.

दापोऱ्यात त्या दिवशी काय झालं ते सांगत नाही. वडील इतवाऱ्यात जाऊन रमणलालकडून माझ्या कोटासाठी गरम कापड घेऊन आले. घरात कुणाचा कोट शिवायची ही पहिलीच वेळ, म्हणून शिंप्यालाच बैलगाडीतून घरी आणलं. मी खळ्यात हात पसरून उभा होतो, शिंपी माप घेत होता, माय बघत होती. तेवढ्यात फाटकात सायकल थांबली. सरांनी चपला काढल्या.

वडील हसत म्हणाले, "या सर, या. आज काय वापस घेता?"

"समुद्र," सर म्हणाले.

झालं होतं असं. नागपूरच्या कचेऱ्यांमधलं सामान नव्या राजधानीला जात होतं. त्यातलं पुस्तकांचं एक खोकं चुकून आमच्या शाळेत उतरलं. परत पाठवायचं पत्र लिहायचं काम सरांकडं आलं, आणि त्यांनी आत काय आहे ते पाहिलं. त्यात शब्दांची मुळं सांगणारा जर्मन कोश होता. पूर्ण. वाळवी न लागलेला. सरांनी बारा वर्षांत पहिल्यांदा R च्या पुढं पाऊल टाकलं, आणि पहिलाच शब्द काढला झेहुंड.

"बळीराम," ते मला म्हणाले, "झेहुंडमध्ये समुद्र नाही. मुळात शब्द होता 'झेलहुंड'. 'झेल' हे त्या प्राण्याचं स्वतःचं जुनं नाव, इंग्रजांचं 'सील' आहे ना, तेच. पुढं लोक ते नाव विसरले. त्यांना वाटलं समुद्रच म्हणायचं असेल, आणि ल गळून गेला. प्राण्याला घरचं नाव लोकांनी दिलं खरं, पण त्याचं स्वतःचं नावही होतं. ते आपण पुसून वर समुद्र लिहिला. पावतीवर लिहितो तसा." मग वही उघडून ते म्हणाले, "मी समुद्र मागे घेतो. सही कर."

मी सही केली. चहा आला. दुसऱ्या कपाला सर म्हणाले, "आता त्या साहेबांना कळवायला हवं."

"कशाला सर?"

"तुझी निवड त्या गोष्टीवर झाली."

"निवड रसायनावर झाली सर."

"तो हसला कशावर? रसायनावर?"

वडिलांना सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं. ते म्हणाले, "सर, कापड कापलं हो आता."

"पाटील, मी तुमच्या मुलाची जागा काढायला सांगत नाही. मी फक्त चूक कळवतो. पुढं त्यांची मर्जी."

"मर्जीच तं खराब असते ना सायबांची," माय म्हणाली.

सरांनी चार दिवस बसून ते पत्र जर्मनमध्ये लिहिलं. आता त्यांच्याकडं पूर्ण कोश होता, त्यामुळं 'आणि' हा शब्द त्यांनी सढळ हातानं वापरला होता. मला कागदपत्रांसाठी खंडव्याला जायचं होतं. तिथून टपाल लवकर जाईल म्हणून त्यांनी पाकीट माझ्याकडं दिलं.

खंडव्याला मी टपालपेटीसमोर उभा राहिलो. माझ्या हातात पाच पाकिटं होती. चार टाकली. पाचवं धरून उभा राहिलो. मागच्या माणसानं म्हटलं, "भैया, डालना है कि देखना है?" मी बाजूला झालो आणि ते पाकीट नव्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

परत आल्यावर सरांनी विचारलं, "टाकलंस?"

"हो सर."

त्यांनी वही उघडली. 'समुद्र. कारखान्यास पत्र रवाना.' आणि खाली, 'साक्षीदार.' टाक माझ्या हातात दिला. मी सही केली. परतीच्या वहीत खोटी सही तेवढी एकच आहे, आणि ती माझी आहे.

त्यानंतर मी निघेपर्यंत सर रोज पोस्टमनला रस्त्यात गाठत. "जर्मनीचं काही?" पोस्टमन म्हणे, "नहीं मास्साब, अभी तो खंडवा का ही नहीं आया." मी ऐकत असे. उत्तर आलं नाही, जागाही गेली नाही.

मी निघालो त्या दिवशी सर स्टेशनवर आले. केळीच्या पानात मावा जिलेबी बांधून आणली होती. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालायला लागले, पिशवी छातीशी धरून. "एक काम कर," ते म्हणाले. "तो प्राणी दिसला तर बघ, भुंकतो का. मी भुंकतो असं शिकवलंय, पण अंदाजानं." गाडीनं वेग घेतला. सर थांबले, आणि मग, मला वाटलं हात हलवतील, तर त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. कशासाठी ते कळलं नाही. मागे घ्यायचं तर काही राहिलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवर अनवाणी उभे असलेले सर, हे मी पाहिलेलं त्यांचं शेवटचं दर्शन. मी परत आलो तेव्हा ते नव्हते. काकूंनी परतीची वही माझ्या हातात दिली.

मी तिकडं असताना सरांचं एक पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं: 'यंदाच्या नववीला मी तुमच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. चूक कळवली तरी त्यांनी एका गरीब मुलाची जागा काढली नाही. मनाचा असा मोठेपणा ज्या देशात आहे, त्या देशाचा नकाशा मुलांकडून दोनदा काढून घेतला.' हे पत्रही मी तीन दिवस त्याच खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी मी उत्तर लिहिलं. ते आज वहीत माझ्या खोट्या सहीच्या पानावर खळीनं डकवलेलं आहे, म्हणूनच मला इथं उतरवता येतं. पुढच्या पानांवर नववीच्या सगळ्या मुलांच्या सह्या आहेत. जर्मन लोकांच्या मोठेपणाबद्दल सांगितलेलं सरांनी मागे घेतलं होतं. त्याच्या पुढच्या पानावर त्याच मुलांच्या पुन्हा सह्या आहेत. कारण माझ्या पत्रानंतर महिन्यानं त्या चष्मेवाल्या साहेबानं मला बोलावलं, सरांचं पत्र हातात धरून पुन्हा डोळे पुसले, आणि "हे मलाच माहीत नव्हतं" एवढं म्हणून मला कामावर परत पाठवलं. मी ते सरांना कळवलं आणि सरांना मागे घेतलेलं पुन्हा मागे घ्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला एका पोरानं सहीपुढं लिहिलं आहे, 'सर, आता पक्कं ना?'

माझं पत्र असं होतं:

गुरुवर्य लासूरकर सर यांस,
बळीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपलं पत्र पोचलं. आपण सांगितलेलं काम झालं आहे. रविवारी कारखान्यातल्या एका सोबत्यानं मला उत्तरेला समुद्रावर नेलं. सर, समुद्र आपल्या पुस्तकातल्यासारखा निळा नाही. तापीला पूर आल्यावर असतो तसा रंग आहे. वाळूच्या पट्ट्यावर सील पडले होते. मी दोन तास ऐकत बसलो. मोठे भुंकत नाहीत. फुसफुसतात, गुरगुरतात, बाकी गप्प पडून असतात. एक पिल्लू आईपासून लांब राहिलं होतं, ते ओरडत होतं, पण ते भुंकणं नव्हे, रडणं होतं. समुद्र आपण मागे घेतलात, तसं भुंकणंही घ्यावं लागेल.

होडीवरच्या म्हाताऱ्या कोळ्याला मी प्राण्याचं नाव विचारलं. त्यानं त्याच्या बोलीत सांगितलं, आणि सर, त्यात ल होता. स्पष्ट. पुस्तकातल्या भाषेतून गळाला, पण त्याच्या तोंडात अजून आहे. मला मायची आठवण आली. तिलाही केळीचं आधीपासून ठाऊक होतं.

आता मुख्य गोष्ट. मी निघायच्या आधी खंडव्याहून परत आल्यावर आपल्याला सांगितलं की आपलं पत्र पेटीत टाकलं. ते चूक होतं. ते मी मागे घेतो. बरोबर असं आहे, की ते पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, आणि वहीतली साक्षीदाराची सही खोटी आहे. त्यामुळं नववीला आपण दिलेलं उदाहरणही माझ्यामुळं खोटं झालं. कारखान्यानं मोठेपणा दाखवला नाही, त्यांना काही माहीतच नव्हतं. वडिलांनी कापड कापलं होतं, हे कारण मी देणार नाही. कापड माझ्या मापाचं होतं.

आज सकाळी ते पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आहे. उघडलं नाही, जसं होतं तसंच आहे. फक्त वर माझी तारीख घातली. त्यांची मर्जी काय होईल ते माहीत नाही. परत यावं लागलं तर राजघाटावर R च्या पुढचं शिकवावं.

आपल्या दारापर्यंत मला येता येत नाही. म्हणून खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून, बूट-मोजे काढून हे लिहितो आहे. फरशी फार गार आहे. घरमालकीणबाई दोनदा बघून गेल्या.

समजलं असेल तर सही करावी.

आपला,
बळीराम